कुत्र्यांचा ओला इसब : कारणे व उपचार

पनवेल तालुक्यातील कामोठे हे खाडीकाठचे गाव. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोच्या नव्या मुंबईत ते सामावले गेले आणि शेतजमिनीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तथापि जुने गावठाण अद्याप टिकून आहे, आणि तालुक्याच्या इतर गावांतून भातशेती व कुक्कुटपालन चालूच आहे. घर, खळे व खुराडे यांची राखण करण्याचे काम तेथे आजही कुत्र्याकडेच असते.

जून ते सप्टेंबर या काळात या पट्ट्यातील हवा सतत दमट असते. भिजलेल्या कुत्र्याचे वरचे केस सुकले तरी मुळाशी ओल राहते. अशा दिवसांत सायंकाळी धडधाकट दिसलेल्या कुत्र्याच्या अंगावर सकाळी तळहाताएवढा लालभडक, ओलसर व केस झडलेला चट्टा आढळतो. कोणी उकळते पाणी फेकले असावे, अशी घरच्या माणसांची समजूत होते. किंवा खरूज मानून कुत्र्यास घराबाहेर हाकलले जाते. पुष्कळदा हा प्रकार ओल्या इसबाचा असतो.

रोग कसा होतो

या चट्ट्याची सुरुवात खाजेपासून होते. कुत्रा खाजणारी जागा चाटतो, चावतो व नखांनी ओरबाडतो. कातडी सोलवटते व लस वाहू लागते. कुत्र्याच्या निरोगी कातडीवर एरवी उपद्रव न करता राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू त्या ओलीत झपाट्याने वाढतात. त्यामुळे खाज वाढते, आणि खाज वाढली की कुत्रा अधिकच चावतो. हे चक्र तोडणे हाच उपचाराचा गाभा होय.

खाजेचे मूळ कारण चट्ट्याच्या जागेवरून बरेचसे ओळखता येते. शेपटीच्या बुडाशी व कमरेवर चट्टा असल्यास पिसवांचा संशय घ्यावा. गालावर किंवा कानाखाली असल्यास कान फुटला आहे काय, ते पाहावे. याखेरीज गोचीड, केसांच्या गुठळ्या, लहानसहान जखमा व घाणेरडे पाणी यांमुळेही खाज सुटते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजे औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्य अंगाला लागून काही भटक्या कुत्र्यांचे केस निळे झाले होते. कुत्र्याच्या केसांना काय काय चिकटून राहू शकते, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इतर रोगांपासून फरक

ओला इसब काही तासांत उठतो व ओला असतो. खरूज बहुधा कानाच्या कडा व कोपर येथून हळूहळू पसरते. गजकर्णाचे चट्टे बहुधा कोरडे व गोलसर असतात. खरूज व गजकर्ण यांचा माणसांना संसर्ग होऊ शकतो. ओला इसब स्वतः असा पसरत नाही. मात्र त्यास कारण झालेल्या पिसवा दुसऱ्या जनावरांवर जातात.

उपचार

(१) दुखऱ्या जागेस हात लावताच शांत कुत्राही चावतो. म्हणून प्रथम त्याचे तोंड मऊ कापडी पट्टीने बांधावे. श्वास मोकळा राहील हे पाहावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजविरोधी लस सुरू करावी. लाळ गाळणाऱ्या, वागणूक पालटलेल्या किंवा अनोळखी कुत्र्यास घरगुती उपचार करू नयेत.

(२) चट्ट्यावरील व त्याच्या सभोवतीचे बोटभर रुंदीचे केस जपून कापावे. केसांखाली चट्टा बहुधा वरून दिसतो त्याहून मोठा निघतो.

(३) अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवावे व त्याने जागा धुवावी. पोव्हिडोन आयोडीन वापरावयाचे असल्यास ते कोऱ्या फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करावे. नंतर स्वच्छ कापडाने टिपून जागा पूर्ण कोरडी करावी. असे दिवसातून दोन वेळा करावे.

(४) कुत्र्याच्या गळ्यात जाड पुठ्ठ्याचे नरसाळ्यासारखे कडे बसवावे, म्हणजे तोंड चट्ट्यापर्यंत पोहोचणार नाही. ही खबरदारी न घेतल्यास इतर उपचार वाया जातात.

काय करू नये

जळके ऑईल, रॉकेल, फिनेल, चुना किंवा पिकांवरील कीटकनाशक चट्ट्यावर मुळीच लावू नये. यांनी कातडी भाजते, आणि चाटल्यास विषबाधा होते. हळद व तेलाचा जाड लेपही देऊ नये. त्याखाली ओल कोंडते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास घातक ठरू शकतात.

दवाखान्यात केव्हा न्यावे

दोन दिवसांत उतार न पडल्यास, चट्टे वाढल्यास, पू किंवा ताप आल्यास, अथवा कुत्रा खाईनासा झाल्यास पशुवैद्यकास दाखवावे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा अंडी घालतात व एक-दोन दिवसांत किडे पडतात. ते मांस पोखरत आत जातात; म्हणून अशा कुत्र्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. खाज शमविणारी व जंतुनाशक औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावी.

प्रतिबंध

पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून गळून त्याच्या बसण्याच्या जागी पडतात. म्हणून केवळ अंगाला औषध लावून भागत नाही. गोणपाट गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावे, जागा झाडून कचरा जाळण्याऐवजी खोल पुरावा व घरातील सर्व कुत्र्यामांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत. कुत्र्याचे औषध मांजरास परस्पर लावू नये. पर्मेथ्रिनसारखी काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात. पावसात भिजून आलेल्या कुत्र्यास पुसून कोरडे करावे व बसावयास ओटीवर कोरडी जागा द्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी ही माहिती घरोघरी सांगावी. अंगावर चट्टा दिसताच कुत्र्यास हाकलून देऊ नये. वेळीच केस कापून जागा कोरडी ठेवल्यास व चाटणे थांबविल्यास ओला इसब बहुधा आठवडाभरात सुकू लागतो.