जुना डबा घासू नका, जपा!



मागे एका बैठकीत मी सहज म्हणाले, "जुने चित्रांचे डबे भंगारात देऊ नका." पुढच्या बैठकीला एक मावशी आजेसासूंचा सुईदोऱ्याचा डबा घेऊन आल्या, राखेने लख्ख घासून! झाकणावरचं निम्मं चित्र निघून गेलेलं. चूक माझीच. डबा जपायचा कसा, ते मी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज हे लिहितेय.

डबा कशाचा असतो?
लोखंडाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथिलाचा मुलामा. कल्हईवाला पितळी भांड्याला लावायचा, तेच हे कथिल. ते पत्रा गंजू देत नाही. त्यावर रंगीत चित्र आणि वरून वार्निश. पत्रा कडक असल्याने त्यावर थेट छपाई नीट उठत नसे. १८७५ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट बार्कले यांनी चित्र आधी रुळावर घेऊन मग पत्र्यावर उतरवायची युक्ती काढली. पुढे बिस्किटांचे, चहाचे चित्रांचे डबे भरपूर निघू लागले. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला. त्याचा हिरव्या झाडाचा पिवळा डबा थोरल्या बायकांना आठवत असेल.

किंमत कशात आहे?
पत्र्यात नाही, चित्रात! भंगारवाला किलोवर घेतो. पण मुंबईच्या चोरबाजारात असे जुने डबे नगावर विकले जातात. चित्र खरवडलं की उरतो नुसता पत्रा.

मग काय करायचं?
- राख, चिंच, तारेची घासणी लावू नका. मुलामा खरवडला की खालचं लोखंड गंजतं.
- मऊ, किंचित ओल्या फडक्याने हलकेच पुसा, लगेच कोरडं करा.
- ओल आणि कडक ऊन, दोन्हीपासून लांब ठेवा.
- वरून नवा रंग देऊ नका.
- लोणचं, पीठ, खाऊ त्यात ठेवू नका. जुन्या रंगात आणि डाकात शिसं असू शकतं, ते लहान मुलांना फार घातक. रंगाचे पोपडे निघत असतील तर डबा मुलांच्या हाती देऊ नका.
- विकायचाच असेल तर आधी फोटो काढा, दोन-तीन ठिकाणी दाखवा. घाई नको.

आणि ठेवायचा की विकायचा, हे ज्या बाईचा डबा आहे तिला आधी विचारा. पुढच्या बैठकीला माळ्यावरचे डबे घेऊन या, सगळ्या मिळून बघू. पण न घासता हं!