हौदात मासे सोडण्याआधी

आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून आमच्या अंगणात वापरायच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहे. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यांतून वळवळणाऱ्या अळ्या निघतात. म्हणून पावसाळ्यात आरोग्यवाले काका आले व त्यांनी हौदात वीस गप्पी मासे सोडले. गप्पी मासा बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. तो पाण्याच्या वरच्या बाजूला फिरतो आणि अळ्या खातो. त्याची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते.

दिवाळीच्या सुट्टीत मी मांजरा नदीच्या डोहातून वीतभर मरळ आणली. मला वाटले, माशाला माशाची सोबत होईल. आजी म्हणाली, "लेकरा, मरळ दुसऱ्या माशाला खाती. नको सोडू तिला." मी ऐकले नाही. आठ दिवसांत एकबी गप्पी उरला नाही. पाण्यात पुन्हा अळ्या दिसू लागल्या. मला लई वाईट वाटले, कारण चूक माझीच होती. मी मरळ परत डोहात नेऊन सोडली. काकांनी पुन्हा दहा गप्पी दिले.

मग बाईंनी वर्गात सांगितले की, मासे एकत्र ठेवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

१) तो काय खातो? मासे खाणारा मासा लहान माशांत सोडू नये.

२) तो केवढा वाढतो? जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो पोटात जातो.

३) त्याला कोणते पाणी लागते? समुद्रातल्या रंगीत माशांना खारे पाणी लागते. ते आपल्या हौदात जगत नाहीत.

माझ्या मामाच्या शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे एकत्र राहतात. कटला वरच्या पाण्यातले बारीक जीव खातो. रोहू मधल्या पाण्यात राहतो. मृगळ तळाचा गाळ व कुजलेला पाला खातो. तिघांची जागा वेगळी, खाणे वेगळे. म्हणून भांडण नाही.

नवा मासा एकदम पाण्यात टाकू नये. त्याची पिशवी अर्धा तास हौदात तरंगत ठेवावी. मग पिशवीत थोडे थोडे हौदाचे पाणी घालावे आणि नंतर मासा सोडावा. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते. म्हणून ते पाणी आधी एक दिवस उघडे ठेवावे. मोठे गप्पी आपलीच पिल्ले खातात. पिल्लांना लपायला थोडे पाणगवत टाकावे.

आता आमच्या हौदात खूप पिल्ले झाली आहेत. ज्यांच्या हौदात अळ्या असतील त्यांनी डबा घेऊन आमच्या घरी यावे. पण हौदात आधी कोणता मासा आहे, ते मला खरे सांगावे!