थोड्या खर्चांत समुद्रदर्शन : शियामेन बंदराची दोन दिवसांची सहल

सहल ही श्रीमंतांची चैन आहे, मध्यम स्थितीच्या माणसानें तिच्या वाटेस जाऊं नये, असा समज पुष्कळ घरांत असतो. मुलें विचारतात, आईबाप "पुढल्या वर्षीं पाहूं" म्हणतात. आणि अशीं पुढलीं वर्षें येतां येतां मुलें मोठीं होऊन आपापल्या उद्योगास लागतात. सहलीला पैसा लागतो हें खरें. परंतु पैशापेक्षां विचार अधिक लागतो. कोणत्या गोष्टीस पैसे मोजलेच पाहिजेत आणि कोणती गोष्ट फुकट असूनहि उत्तम आहे, एवढें ज्यास आधीं ठरवितां आलें त्याची सहल स्वस्तांत होते व मनाजोगतीहि होते. हें उदाहरणानें स्पष्ट व्हावें म्हणून चीन देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील शियामेन या शहराची माहिती येथें देत आहें.

शियामेन हें फुजियान प्रांतांत, तैवानच्या समोर, एका बेटावर वसलेलें शहर. जुन्या इंग्रजी नकाशांत त्याचें नांव 'अमॉय' असें आढळतें. येथील बोलींत चहाला 'टे' म्हणतात; डच व्यापाऱ्यांनीं तो शब्द युरोपांत नेला व त्यापासून इंग्रजांचा 'टी' झाला. आपला 'चहा' मात्र चीनच्या इतर भागांतील 'चा' या उच्चाराशीं नातें सांगतो. या शहराशीं आपला दुसरा एक संबंध आहे, तो तितकासा अभिमानाचा नाहीं. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ सालीं झालेल्या नानकिंगच्या तहानें जीं पांच बंदरें परकी व्यापारास खुलीं झालीं त्यांत अमॉय हें एक होतें. आणि ज्या अफूवरून तें युद्ध पेटलें तिच्यापैकीं माळव्यांतील पुष्कळ अफू आपल्याच मुंबई बंदरांतून चीनला जात असे. हें ठाऊक असलें म्हणजे तेथील जुन्या परदेशी वकिलाती पाहतांना त्या तेथें कां आल्या हें मुलांस उमगतें.

आतां अशी कल्पना करूं कीं, प्रांताची राजधानी फूचौ येथें राहणारें, आईबाप व दोन मुलें असें एक कुटुंब शियामेनला निघालें आहे. चीनमध्यें शनिवार व रविवार अशी दोन दिवसांची साप्ताहिक सुटी १९९५ सालच्या मे महिन्यापासून सुरू झाली. शुक्रवारीं संध्याकाळीं निघून रविवारीं रात्रीं परत यावें, एवढाच अवकाश. पूर्वीं एवढ्या वेळांत ही सहल दगदगीची झाली असती. पण २०१० सालीं या दोन शहरांमध्यें जलद आगगाडी सुरू झाली, आणि २८ सप्टेंबर २०२३ रोजीं ताशीं ३५० किलोमीटर धांवणाऱ्या गाड्यांचा दुसरा मार्ग उघडला. त्यावरील सर्वांत वेगवान गाडी ५५ मिनिटांत पोंचते. येथेंच काटकसरीचा पहिला धडा आहे. जुन्या मार्गावरील गाडी अधिक वेळ घेते, परंतु तिचें भाडें कमी असतें. शुक्रवारीं रात्रीं वेळेची घाई नसते, म्हणून मंद गाडी पतकरावी. मुलांच्या भाड्याचा नियम २०२३ पासून उंचीऐवजीं वयावर ठरविला आहे: प्रत्येक मोठ्या माणसामागें सहा वर्षांच्या आंतील एक मूल वेगळी जागा न घेतां फुकट जातें, व सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस सवलतीचें तिकीट मिळतें.

गाडी बहुधा 'शियामेन उत्तर' या स्टेशनावर थांबते. हें स्टेशन बेटावर नसून मुख्य भूमीवर आहे. तेथून मेट्रोचा पहिला मार्ग निघतो. तो ३१ डिसेंबर २०१७ रोजीं सुरू झाला. भाड्याच्या मोटारीचा खर्च तर वांचतोच, शिवाय ही मेट्रो खाडी ओलांडतांना कांहीं अंतर समुद्रावरून धांवते. मुलांना खिडकीशीं बसवावें. थोडक्या पैशांत याहून मोठी मौज मिळणार नाहीं. मुक्काम जुन्या शहरांत, चुंगशान रस्त्याच्या आसपास, मेट्रो स्टेशनाजवळ करावा. समोरच्या गुलांगयू बेटावरील बिऱ्हाडें रम्य खरीं, पण महाग; आणि त्या बेटावर मोटारीस व सायकलीसहि मज्जाव असल्यामुळें सामान हातानें ओढीत न्यावें लागतें.

शनिवारची सकाळ या गुलांगयू बेटासाठीं ठेवावी. जुन्या पुस्तकांत त्यास 'कुलांग्सू' म्हटलें आहे. त्याच्या चिनी नांवाचा अर्थ 'ढोलासारख्या लाटांचें बेट'. किनाऱ्यावरील एका पोकळ खडकावर लाटा आपटून ढोलासारखा नाद निघे, त्यावरून तें पडलें. क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरांहूनहि कमी, म्हणजे लहान मुलांच्या पायांनाहि झेपेल एवढेंच. २०१७ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशाच्या यादींत घातलें. बोटीच्या बाबतींत एक सावधगिरी बाळगावी. चुंगशान रस्त्याजवळचा धक्का दिवसा स्थानिक रहिवाशांसाठीं राखून ठेवलेला आहे. बाहेरच्या प्रवाशांना २०१४ पासून तुंगतू येथील मोठ्या धक्क्यावरून जावें लागतें. साध्या बोटीचें जाण्यायेण्याचें भाडें माणशीं ३५ युआन आहे. २०२५ सालीं युआन म्हणजे सुमारें १२ रुपये होता. रोज किती माणसें बेटावर जाऊं द्यावीं याची मर्यादा ठरलेली असल्यानें तिकिटें आधींच घ्यावीं, व पहांटेची बोट धरावी. दहा वाजल्यानंतर गल्ल्यांतून गर्दी मावत नाहीं.

बेटावर फिरण्यास पैसे पडत नाहींत. जुन्या वकिलाती, देवळें, चर्च, वडाच्या पारंब्यांनीं झांकलेल्या भिंती, हें सर्व रस्त्यावरूनच पाहावयाचें. पैसे पडतात ते ९२ मीटर उंचीच्या 'सूर्यप्रकाश शिळे'वर चढण्यास, किंवा १९१३ सालच्या शूच्वांग उद्यानांत जाण्यास. या उद्यानांत पियानोंचें संग्रहालय आहे. मिशनच्या शाळा व उपासनामंदिरें यांच्याबरोबर पियानो या बेटावर आला, घरोघर शिरला, आणि बेटाला 'पियानोचें बेट' हें नांव पडलें. या दोहोंपैकीं एकच स्थळ निवडावें. कोणतें, तें मुलांनीं ठरवावें. निवडण्याचा अधिकार मिळाला कीं मुलें हट्ट करीत नाहींत, असा शिक्षकांचा व आईबापांचा सारखाच अनुभव आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें दोन नांवें अवश्य लक्षांत ठेवावीं. डॉ. जॉन ऑटे या अमेरिकन मिशनरी वैद्यानें १८९८ सालीं येथें रुग्णालय काढलें, आणि १९१० सालीं रोग्याची शुश्रूषा करीत असतां प्लेगनें त्यास मरण आलें. दुसरें नांव डॉ. लिन छ्याओझी यांचें. १९०१ सालीं याच बेटावर जन्मलेली ही मुलगी पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून १९२९ सालीं पदवीधर झाली, जन्मभर अविवाहित राहिली, आणि पन्नास हजारांहून अधिक बाळें तिच्या हातांनीं जगांत आलीं असें सांगतात. तिच्या स्मरणार्थ केलेली बाग बेटावर आहे. तेथें बसून घरून आणलेली शिदोरी सोडावी.

संध्याकाळीं चुंगशान रस्त्यावरील कमानींखालून हिंडावें. वरचा मजला पदपथावर पुढें आलेला असल्यामुळें पाऊस किंवा ऊन लागत नाहीं. बसून जेवण्याच्या मोठ्या भोजनगृहांपेक्षां लहान दुकानांत शेंगदाण्यांचें गोड सार, कालवें घातलेली अंड्याची पोळी, आणि 'शाचा' नांवाच्या मसालेदार रश्शांतील शेवया मिळतात. हा मसाला मलाया व जावाकडे पोटासाठीं गेलेल्या लोकांनीं परत येतांना आणला. एकेक वाडगा घेऊन चौघांनीं वांटून खाल्ला म्हणजे चव सर्वांची कळते व खर्च बेताचा राहतो.

रविवारीं सकाळीं शहराच्या दक्षिण किनाऱ्यावर जावें. डोंगराच्या पायथ्याशीं नानपुतो हें बौद्ध मंदिर आहे. प्रवेशास पैसे नाहींत. शेजारींच शियामेन विद्यापीठ, व त्यापुढें समुद्राची वाळू. आकाश स्वच्छ असेल तर किनाऱ्यावरून चिनमेन द्वीपसमूह दिसतो. तीं बेटें तैवान सरकारच्या ताब्यांत आहेत, आणि १९५८ सालच्या ऑगस्टांत त्यांवर या किनाऱ्यावरून तोफांचा भडिमार झाला होता. जेथून गोळे सुटले त्या किनाऱ्यावर आज मुलें वाळूचे किल्ले बांधतात. शांतीची किंमत मुलांना समजावून देण्यास याहून योग्य जागा क्वचित् सांपडेल, आणि तिला तिकीट नाहीं.

दुपारीं सामान घेऊन मेट्रोनें परत निघावें व वाटेंत जीमेई येथें उतरावें. तें स्टेशनाच्याच मार्गावर असल्यानें वेगळा खर्च नाहीं. जीमेई म्हणजे शाळांचें गांव. येथें १८७४ सालीं जन्मलेले तान काह की हे तरुणपणीं सिंगापुरास गेले, रबर व डबाबंद अननस यांच्या व्यापारांत अपार धन मिळविलें, आणि १९१३ सालीं आपल्या गांवीं प्राथमिक शाळा काढली. पुढें शाळांमागून शाळा निघाल्या. १९२१ सालीं त्यांनीं शियामेन विद्यापीठ स्थापिलें. मंदीच्या लाटेंत १९३४ सालीं त्यांची पेढी बंद पडली, तरी शाळांस द्यावयाचा पैसा त्यांनीं होतां होईल तों थांबविला नाहीं. १९६१ सालीं ते वारले. त्यांची समाधि येथेंच समुद्रकांठीं आहे. चिनी घाटाचीं कौलारू छपरें व पाश्चात्य धर्तीच्या भिंती असलेल्या त्या शाळा तळ्याकांठीं उभ्या आहेत, व त्यांच्या चरित्राचें संग्रहालय विनामूल्य पाहतां येतें.

ऋतूविषयीं दोन शब्द. जुलै ते सप्टेंबर हा तुफानांचा काळ. १५ सप्टेंबर २०१६ रोजींच्या तुफानानें शियामेनचीं असंख्य झाडें उन्मळून पाडलीं. अशा वेळीं बोटी बंद असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत राष्ट्रीय सुटीमुळें सर्वत्र गर्दी व महागाई असते. ती ओसरल्यावर डिसेंबरपर्यंतचे दिवस उत्तम.

आतां हिशेब पाहावा. गाडी, मुक्काम, बोट, अन्न आणि एखादें विकतचें स्थळ, एवढ्यांस पैसे पडले. समुद्र, वाळू, मंदिर, बेटावरच्या गल्ल्या आणि एका दानशूर पुरुषाच्या शाळा यांस कांहींच पडलें नाहीं. आणि मुलांच्या स्मरणांत पुष्कळ वर्षें राहतील त्या बहुधा ह्याच गोष्टी. जें सर्वांसाठीं उघडें आहे तें हलकें, ही समजूत आईबापांनीं टाकली, आणि आधीं कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर "पुढल्या वर्षीं" म्हणण्याचे प्रसंग कमी येतील. मुलांचें बालपण पुढल्या वर्षाची वाट पाहत थांबत नाहीं.