क्विटो : पाठमोऱ्या मूर्तीचे शहर

गालापागोस बेटांकडे निघालेला पर्यटक इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोमध्ये, बहुधा एक-दोन रात्रींपुरताच थांबतो. शहर पाहण्यासाठी हाती उरतो जेमतेम एक दिवस. त्यातच हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर, पिचिंचा ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरातून आलेल्याला पहिल्याच चढाला धाप लागते. म्हणून हा दिवस जुन्या शहरालाच द्यावा. विषुववृत्ताच्या स्मारकाचा मोह टाळला तरी चालेल. तेथील पिवळी रेषा खऱ्या विषुववृत्तापासून सुमारे २४० मीटर चुकली आहे!

'युनेस्को'ने १९७८ मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी केली, तेव्हा तिच्यात अवघी बारा स्थळे होती. त्यांत पोलंडमधील क्राकोव्हबरोबर क्विटोचे जुने शहर होते. (अजिंठा-वेरूळला हा मान १९८३ मध्ये मिळाला.) स्पॅनिशांनी १५३४ मध्ये हे शहर वसवले ते इंकांच्या जळलेल्या नगरावर. स्पॅनिशांच्या हाती पडू नये म्हणून इंका सेनानी रुमिन्याविने ते आधीच पेटवून दिले होते.

ला कोम्पान्यिया हे जेझुइटांचे चर्च अवश्य पाहावे. बांधकाम १६०५ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला १७६५ साल उजाडले. आतील भिंती, खांब, छत सारे सोन्याच्या वर्खाने मढवलेले. गंमत अशी, की दीडशेहून अधिक वर्षे खपून चर्च पुरे झाले आणि १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांनाच आपल्या साम्राज्यातून हद्दपार केले.

जवळच्या सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये मुख्य वेदीवर पंख असलेल्या मेरीची लाकडी मूर्ती आहे. बर्नार्दो दे लेगार्दा या स्थानिक शिल्पकाराने ती १७३४ मध्ये घडवली. तिचीच प्रचंड ॲल्युमिनियमची प्रतिकृती शहरामधल्या पानेसिय्यो टेकडीवर उभी आहे. वर जायचे ते टॅक्सीनेच. पायऱ्यांची वाट सुरक्षित मानली जात नाही.

ही मूर्ती उत्तरेकडे पाहते. तिकडे जुने शहर, आणि त्यापलीकडे बँका, हॉटेले व सुखवस्तू वस्त्या. टेकडीच्या दक्षिणेला कामगारांची वस्ती. 'देवीने आमच्याकडे पाठ फिरवली,' ही दक्षिणेकडील रहिवाशांची जुनीच तक्रार. ती नुसती थट्टा नव्हे. निमुळत्या दरीतल्या या लांबट शहरात जुने शहर मधोमध येते, पण गेल्या काही दशकांत तेथील रहिवासी घटत गेले. रस्त्यांवरील फेरीवाल्यांना २००३ मध्ये बाजार-इमारतींत हलवण्यात आले. पदपथ मोकळे झाले, दर्शनी भिंती रंगल्या, पण वारसा जपायचा तो कोणासाठी, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे थोडेसे उत्तर जमिनीखाली सापडते. डिसेंबर २०२३ पासून दक्षिणेतील कितुंबे ते उत्तरेतील एल लाब्रादोर अशी सुमारे २२ किलोमीटरची मेट्रो धावते. जुन्या शहराच्या पोटातून तिचा बोगदा नेण्यास वारसाप्रेमींचा विरोध होता. तरीही सान फ्रान्सिस्को चौकाखाली स्थानक झाले. मूर्तीच्या पाठीमागचे आणि पुढ्यातले, दोन्हीकडचे प्रवासी आता याच चौकात बाहेर पडतात. पर्यटकानेही पानेसिय्योवरून उतरल्यावर येथूनच कितुंबेची गाडी पकडावी. मूर्ती जिकडे पाहत नाही, तेही क्विटोच आहे.