नडगी दुखतेय, पण मैदान जवळ आलंय



पहाटे पाचच्या सुमाराला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर, बायपासच्या रस्त्यावर उभं राहिलं की अंधारातून आधी पावलांचा आवाज येतो आणि मग मुलं दिसतात. कुणी पोलीस भरतीचा, कुणी सैन्याचा, कुणी वनरक्षकाचा. पोलीस शिपायाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० गुण धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. १५ गुण १०० मीटरचे आणि १५ गोळाफेकीचे. म्हणजे एका घराची दोन-तीन वर्षांची आशा पाच-सहा मिनिटांच्या धावण्याला बांधलेली असते. या मुलांना विचारा, तयारीत सगळ्यात जास्त अडतं कुठं? गणित, बुद्धिमत्ता चाचणी ही उत्तरं नंतर येतात. पहिलं उत्तर असतं, "नडगी भरून येते."

आज मी या नडगीबद्दल बोलणार आहे. मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही. पण माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा गेल्या भरतीच्या आधी माझ्याकडे राहून तयारी करत होता. मैदानाची तारीख जवळ आली तेव्हा त्याची उजवी नडगी दुखायला लागली. त्याच्याबरोबर मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो, फिजिओथेरपिस्टकडे बसलो, घरी येऊन जे मिळेल ते वाचलं. त्यातून जे नीट कळलं, तेवढंच सांगतो.

हाड म्हणजे दगडासारखी गोष्ट, एकदा तयार झाली की झाली, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात हाडाचं बांधकाम जन्मभर चालू असतं. जुन्या घराची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी सैल झालेला गिलावा खरवडून काढतो आणि मग नवा चढवतो. हाडातही तसंच. काही पेशी जुना भाग खरवडतात, दुसऱ्या पेशी तिथं नवं हाड भरतात. गोम अशी की खरवडण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं आणि भरण्याला तीन महिने लागतात. आता कालपर्यंत बाकावर बसून अभ्यास करणारा मुलगा जाहिरात आली म्हणून एकदम रोज पाच-सहा किलोमीटर पळायला लागला, तर काय होईल? धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. १६०० मीटरमध्ये अशी हजाराच्या वर पावलं. हाड मजबूत व्हायला निघतं, म्हणून आधी खरवडायला घेतं, आणि नेमक्या त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते आधीपेक्षा कच्चं असतं. मुलं म्हणतात, "पहिले पंधरा दिवस काहीच नव्हतं, मग अचानक सुरू झालं." ते अचानक नसतं, हाडाच्या वेळापत्रकाप्रमाणेच असतं.

हे दुखणं आपल्याकडच्या पोरांचंच आहे असंही नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं नोंदवलं, की लांबच्या कवायतीनंतर नव्या शिपायांची पावलं सुजतात आणि दुखतात. कारण त्याला दिसणं शक्य नव्हतं. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, श्टेखो नावाच्या दुसऱ्या डॉक्टरनं दाखवून दिलं की त्या सुजलेल्या पावलांमधली हाडं मोडलेली आहेत. कुठंही पडझड नाही, अपघात नाही, फक्त चालून चालून. पुढं १९८५ मध्ये इस्रायली सैन्यातल्या २९५ नव्या जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणाच्या काळात त्यांतल्या ३१ टक्के जवानांना असे ताणाचे अस्थिभंग झाले होते. म्हणजे भरतीचं दुखणं हे जगभर भरतीचंच दुखणं आहे.

नडगीचं प्रत्येक दुखणं म्हणजे अस्थिभंग, असं मात्र समजू नका. आमच्या डॉक्टरांनी भाच्याला खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "तुझ्याच बोटानं दाखव, कुठं दुखतं." यातच अर्धं निदान आहे. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूला, चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखून अंग तापलं की थोडं कमी होत असेल, तर बहुतेक वेळा तो हाडावरचा आणि स्नायूंच्या मुळांवरचा ताण असतो. पण एकाच बोटानं एकच बिंदू दाखवता येत असेल, तिथं दाबलं की माणूस कळवळत असेल, पळताना दुखणं वाढतच जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर ते हाडाचं दुखणं समजून त्याच दिवशी पळणं बंद करायचं आणि डॉक्टर गाठायचा. नडगीच्या अगदी समोरच्या धारेवर असा बिंदू असेल तर जास्तच घाई करायची, कारण तिथली चीर भरायला हट्टी असते. आणि एक लक्षात ठेवा, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. "एक्स-रे क्लिअर आहे, पळ तू," असं मित्र सांगतात. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते, पण तो खर्चिक. म्हणून बोटाची परीक्षा आणि डॉक्टरांचा अनुभव यांना फार किंमत आहे.

पळताना पोटरी दगडासारखी ताठ होऊन पावलाला मुंग्या येत असतील, तर ते प्रकरण वेगळं. तेही डॉक्टरांनाच दाखवायचं.

घरगुती उपायांत तेल जिरवणं, हळदीचा लेप यांनी बिघडत काही नाही, पण हाडाच्या दुखऱ्या बिंदूवर अंगठ्यानं रगडू नका. बिब्बा तर मुळीच नको; त्यानं कातडी भाजते आणि हाड होतं तसंच राहतं. दुखणं मारायची गोळी घेऊन पळणं त्याहून वाईट. गोळीनं दुखणं झाकतं, चीर भरत नाही.

आमचा भाचा त्या दिवशी रिक्षात म्हणाला, "मामू, मैदानाला दीड महिना राहिलाय. आता मी झोपून राहू का?" त्याचं उत्तर डॉक्टरांनी आधीच दिलं होतं. नडगीला विश्रांती द्यायची आहे, मुलाला नाही.

झोपून राहिल्यानं काय होतं, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथं पाच निरोगी तरुणांना, सगळे विशीतले, तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद, ज्याला आपण ढोबळपणे दम म्हणतो, चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. ते पन्नाशीला आले होते. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम जेवढा उतरवला, त्याहून जास्त तो त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं उतरवला होता! मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला असल्यामुळे हा आकडा मी दोनदा वाचला.

मग करायचं काय? आपल्या गावांत उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवताना पाठीला डबा नाहीतर सुकवलेला भोपळा बांधून विहिरीत सोडतात. तोच डबा कमरेला बांधायचा आणि खोल पाण्यात उभं राहून पळायचं. पाय तळाला लागता कामा नयेत. अंग किंचित पुढं, मुठी वळलेल्या, गुडघे वर, अगदी रस्त्यावर पळतो तसं. गळ्यापर्यंतच्या पाण्यात शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो, आणि तळाला पायच टेकत नसल्यामुळे नडगीवर आदळणं शून्य. काम मात्र हृदयाला आणि फुप्फुसांना पुरेपूर. चांगल्या धावपटूंना चार ते सहा आठवडे फक्त खोल पाण्यात पळायला लावून पाहिलेलं आहे; त्यांचा दम जवळजवळ होता तसाच टिकला. दोन मिनिटं जोरात, एक मिनिट सावकाश, असं दहा-बारा वेळा केलं की पाण्यातही घाम येतो. एकट्यानं मात्र विहिरीत उतरायचं नाही. काठावर पोहता येणारा माणूस हवाच. आमच्याकडे ही जबाबदारी माझ्यावर होती. बायको म्हणायची, "पोरगं पाण्यात आणि कवी काठावर, कुणाचं लक्ष कुठं असतं देव जाणे."

पाण्याची सोय नसेल तर सायकल. साधी, घरातली, सीट थोडी उंच करून घेतलेली. चढावर जोर लावायचा, उतारावर दम घ्यायचा. पॅडल मारताना नडगी दुखली नाही म्हणजे झालं. तालीम जवळ असेल तर जोर मारायला कुणाची हरकत आहे? जोर मारताना पोट, खांदे, पाठ सगळं कामाला लागतं. बैठका दुखत नसतील तेवढ्याच. दोरीवरच्या उड्या मात्र बंद. गोळाफेकीचे १५ गुण तर एरवी सगळेच गृहीत धरतात आणि सरावच करत नाहीत. उभ्या जागेवरून, झेप न घेता, खांदा आणि मनगटाचं तंत्र घोटायला हा काळ चांगला. भाच्यानं सहा आठवडे ते घोटलं.

जोन बेन्वा ही अमेरिकन धावपटू तुम्हांपैकी काहींना आठवत असेल. १९८४ च्या ऑलिंपिक निवड शर्यतीला १७ दिवस उरले असताना तिच्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. पायांनी काही करता येईना, तेव्हा तिनं हातांनी सायकलचं पॅडल फिरवून दम टिकवला. ती निवड शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही. प्रत्येकाचं असं होतं असं मी म्हणणार नाही. पण हात रिकामे ठेवायचे नसतात, एवढं त्यातून घेता येतं.

बसण्याबद्दलही सांगायला हवं. नमाजात बसताना गुडघे मोडतात, नडगीची समोरची बाजू जमिनीला टेकते. दुखऱ्या नडगीवर रोज पाच वेळा तो दाब येतो. दुखत असेल तर खुर्चीवर बसून नमाज चालते, हे आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. विशीतल्या पोराला मात्र खुर्ची ओढायची लाज वाटते. पंगतीत मांडी घालतानाही तेच.

आता खाणं आणि झोप. मघाशी ज्या इस्रायली सैन्याचा उल्लेख केला, तिथं पुढं जवानांना रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कवायतीचं एकूण अंतर कमी केलं, तर अस्थिभंग निम्म्याहून खाली आले. आपली मुलं रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत आणि पहाटे साडेचारला मैदानावर. अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या ५२०१ मुलींवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या मुलींमध्ये ताणाचे अस्थिभंग २० टक्क्यांनी कमी आढळले. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. पण नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ते विचारायची गरज नाही. भाकरी, दूध, तीळ, मिळाले तर छोटे मासे काट्यासकट.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात बोलली जात नाही. पळणं वाढलं, वजन कमी व्हावं म्हणून जेवण कमी केलं आणि पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर हाडं आतून कच्ची होत असतात. "बरं झालं, सरावात अडचण नाही," असं म्हणून ते सोडून देऊ नका. अशा मुलीची नडगी दुखत असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा.

भाच्याचं दुखणं पट्ट्याचं निघालं, बिंदूचं नव्हे. त्यानं मैदान दिलं. १६०० मीटरला पूर्ण गुण मिळाले नाहीत, गोळ्याला मिळाले. यादीत नाव थोडक्यात राहिलं. पुढच्या जाहिरातीसाठी तो पुन्हा पळतो आहे, या वेळी सात महिने आधीपासून.

पुन्हा पळायला कधी लागायचं, याची खूण सोपी आहे. सपाट जागेवर अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, नडगी दाबून दुखत नाही, दुखऱ्या पायावर दहा उड्या मारून दुखत नाही. हे तिन्ही जमलं की मग. अस्थिभंग असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि तिथं सहा-आठ आठवडे सहज जातात. सुरुवात डांबरावर नको, मैदानातल्या मातीवर करा. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्या दिवशी पळायचं नाही, सायकल. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. आठवडा नीट गेला तर पळण्याचं एक मिनिट वाढवा. पावलं थोडी आखूड आणि जलद टाका, म्हणजे आदळणं कमी होतं. झिजलेले बूट बदला. आणि पाचव्या फेरीला नडगीनं आवाज दिला तर त्या दिवशी तिथंच थांबून घरी चालत या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दाबून बघा. दुखत असेल तर आणखी दोन दिवस विहीर.