मोटारीचा मेंदू

गेल्या पावसाळ्यात शाळेकडे येताना माझ्या मोटारीत चालकासमोरील फळ्यावर एक पिवळा दिवा लुकलुकू लागला व इंजिन अडखळू लागले. कशीबशी गाडी गॅरेजपर्यंत नेली. तेथील तरुण मेकॅनिक आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. तो पाना घेऊन येईल, असे मला वाटले. पण त्याने स्टिअरिंगखालच्या खोबणीत एक तार जोडली. हातातील छोट्या यंत्रावर ‘पी ०३०१’ अशी अक्षरे उमटली. तो म्हणाला, “सर, पहिल्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही.” बॉनेट न उघडताच निदान झाले! मला शाळेची घाई होती. मी म्हटले, “मग तो दिवा तेवढा विझव, बाकीचे पुढे पाहू.” तो हसला. “दिवा आत्ता विझेल, सर, पण दोष तसाच राहील.”

मी कला शाखेचा पदवीधर. तरीही हे गूढ उकलावे, असे त्या दिवशी मनाने घेतले. जे समजले ते येथे सांगतो.

आपल्या शास्त्रांनी ज्ञानेंद्रिये व कर्मेंद्रिये असा भेद केला आहे. आजच्या मोटारीलाही तो तंतोतंत लागू पडतो. इंजिनात किती हवा शिरते, ते किती तापले आहे, त्याचा दांडा किती वेगाने फिरतो, हे टिपणारे सेन्सर ही तिची ज्ञानेंद्रिये होत. इंधनाचा फवारा सोडणारे इंजेक्टर व ठिणगी पाडणारी कॉइल ही कर्मेंद्रिये. या दोहोंमध्ये, धातूच्या एका पेटीत बसलेला छोटा संगणक हा मेंदू.

त्याच्या कामाचा वेग पाहा. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. प्रत्येक सिलिंडरात दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी पडते. म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या! प्रत्येक वेळी इंधन किती आणि ठिणगी केव्हा, हे या संगणकाला ठरवावे लागते. त्यासाठी त्याच्या स्मरणात आकड्यांचे तक्ते साठविलेले असतात. तुम्ही पाढे पाठ करता, तद्वत्. अमुक वेग व अमुक हवा असेल तर इतके इंधन, असे तो तक्त्यात पाहतो.

पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, हे कळावे कसे? त्यासाठी धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. धुरात प्राणवायू उरला, तर पेट्रोल कमी पडले. उरला नाही, तर जास्त झाले. संगणक लगेच आपली चूक सुधारतो. आपलीच उत्तरपत्रिका क्षणोक्षणी तपासणारा हा विद्यार्थी!

इंधनाच्या फवाऱ्याचे असे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगन मोटारींत आणले. त्यात आजच्यासारखा संगणक नव्हता, ट्रान्झिस्टरांचे साधे मंडल होते. पुढे हवेच्या प्रदूषणाचे कायदे कडक झाले आणि जुन्या कार्ब्युरेटरला इतकी अचूकता साधेना. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला.

ब्रेकचेही तसेच. पावसात निसरड्या उतारावर ब्रेक जोरात दाबला, तर चाक जागीच अडकून गाडी घसरत जाते. अशा वेळी एबीएस नावाच्या यंत्रणेचा संगणक चाकाचा वेग पाहतो व ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सैल-घट्ट करतो. चाक फिरत राहते आणि गाडी वळविता येते.

परंतु या मेंदूला विवेक नाही. जे लिहून दिले, तेच तो करतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले, की त्याच फोक्सवॅगन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींच्या संगणकांत एक कपट लिहून ठेवले होते. तपासणी चालू आहे हे ओळखून संगणक धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर येताच तो बंधन सैल करी. तेव्हा नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंतही बाहेर पडत. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. परीक्षक समोर असेतोवर शहाणा, पाठ फिरताच उनाड! पण खोटे यंत्र बोलले नाही. ते माणसाने त्याच्याकडून बोलविले.

त्या सकाळी आमच्या माजी विद्यार्थ्याने आधी कॉइल बदलली, मगच दिवा विझविला. पिवळा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटली, तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा नाश करते, हेही त्याने मला समजाविले. मी शाळेत उशिरा पोहोचलो खरा. पण त्या दिवशीचा पहिला धडा मीच शिकून आलो होतो.

मित्रहो, तुमच्यांपैकी काहीजण उद्या अशा यंत्रांसाठी आज्ञा लिहितील, काहीजण ती दुरुस्त करतील. यंत्राला बुद्धी जरूर द्या; सचोटी मात्र तुमच्याच हातांतून त्यात उतरावी लागेल.