कोशातील 'पहा' : अंतर्गत संदर्भांचे स्वरूप आणि शिस्त

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्ञानकोश, ग्रंथालयाची तालिका किंवा एखाद्या संशोधनपत्रिकेचे अनेक वर्षांचे अंक, या सर्वांत एक गोष्ट समान असते. त्यांचे वाचन पहिल्या पानापासून सुरू होत नाही. वाचक मधल्याच एखाद्या नोंदीशी येतो, हवे तेवढे घेतो आणि परत जातो. त्याला लागणारी माहिती पुष्कळदा त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी असते. परंतु ती तेथे आहे याची त्याला कल्पना नसते. ग्रंथात ज्ञान आहे, पण वाचकापुरते ते नसल्यासारखेच आहे, अशी ही अवस्था होय.

या अवस्थेवरचा उपाय म्हणजे एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे केलेला निर्देश, म्हणजेच अंतर्गत संदर्भ. मराठी कोशांत तो 'पहा' या दोन अक्षरी शब्दाने दर्शविला जातो. मजकूर लिहून झाल्यावर मुद्रणाच्या अखेरीस घालावयाची ती एक किरकोळ खूण आहे, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. अंतर्गत संदर्भ हा रचनेचाच भाग आहे आणि त्यास त्याची स्वतःची शिस्त आहे. ही शिस्त कोणत्या गरजेतून निर्माण झाली आणि ती न पाळल्यास काय घडते, याचा विचार येथे केला आहे.

२. विषयक्रम आणि वर्णक्रम

अमरकोशात 'पहा' या प्रकारच्या निर्देशाची गरज फारशी भासत नाही. त्याची तीन कांडे वर्गांत विभागलेली आहेत. वनस्पतींची नावे वनौषधिवर्गात, पशूंची सिंहादिवर्गात, जलाशयाशी निगडित शब्द वारिवर्गात, अशी ती व्यवस्था आहे. परस्परांशी नाते असलेले शब्द शेजारी शेजारी राहत असल्यामुळे शेजार हाच तेथे संदर्भ ठरतो. तथापि एका शब्दाचे अनेक अर्थ सांगण्याची वेळ येताच ही व्यवस्था अपुरी पडते. म्हणूनच नानार्थवर्गात शब्दांची मांडणी विषयाऐवजी अंत्य व्यंजनानुसार केलेली आहे. विषयक्रम मोडला की शोधण्यासाठी अक्षराचा आश्रय घ्यावा लागतो, याचे हे जुने उदाहरण होय.

वर्णक्रमाची सोय उघड आहे. शब्द माहीत असला की नोंद सापडते. परंतु या सोयीची किंमत मोठी असते. वर्णक्रमात 'पाऊस' आणि 'मोसमी वारे' एकमेकांपासून दूर जातात, 'लस' आणि 'देवी' यांची ताटातूट होते, आणि ज्ञानाची अंगे केवळ आद्याक्षराच्या योगायोगाने विखुरतात. १७२८ मध्ये लंडन येथे दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या एफ्रेम चेंबर्स यांच्या 'सायक्लोपीडिया'ने या अडचणीचा सरळ सामना केला. चेंबर्स यांनी प्रस्तावनेत ज्ञानाच्या ४७ शाखांचा तक्ता दिला आणि नोंदींतून परस्परांकडे निर्देश केले. अक्षरक्रमाने जे तोडले ते निर्देशांनी सांधावयाचे, ही त्यामागील भूमिका होती.

मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात दोन्ही व्यवस्था एकाच ग्रंथात नांदतात. 'हिंदुस्थान आणि जग'पासून 'विज्ञानेतिहास'पर्यंतचे पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयानुसार आहेत आणि वर्णक्रमाची मांडणी त्यांच्यानंतर सुरू होते. एखादा विषय प्रस्तावनाखंडांत व्यापक स्वरूपात आणि पुढे सुट्या नोंदीत संक्षेपाने येणे अशा रचनेत साहजिक असते. त्या दोहोंत दुवा नसल्यास वाचक एकावरच थांबतो आणि दुसऱ्याच्या लाभास मुकतो.

३. दिदरोचे वर्गीकरण

अंतर्गत संदर्भांचा तात्त्विक विचार सर्वांत स्पष्टपणे मांडला तो फ्रेंच विश्वकोशाचा संपादक देनी दिदरो याने. या कोशाचा पहिला खंड १७५१ मध्ये निघाला आणि मजकुराचे १७ खंड १७६५ पर्यंत पूर्ण झाले. १७५५ मधील पाचव्या खंडात 'विश्वकोश' याच शीर्षकाची दिदरोची नोंद आहे. तीत त्याने निर्देशांचे प्रकार सांगितले आहेत. पहिला वस्तूंचा निर्देश : तो एका विषयाचे दुसऱ्याशी असलेले जवळचे वा दूरचे नाते दाखवितो आणि प्रसंगी दोन मते समोरासमोर उभी करतो. दुसरा शब्दांचा निर्देश : एकदा स्पष्ट केलेली संज्ञा पुन्हा पुन्हा स्पष्ट करावी लागू नये, यासाठी तो असतो. तिसरा प्रकार दोन शास्त्रांतील साम्य सुचवून नव्या शोधाची वाट दाखविणारा, आणि चौथा उपरोधाचा.

चौथ्या प्रकाराचे दिदरोने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रान्सिस्कन भिक्षूंवरील नोंदीत त्यांची भरघोस स्तुती करावयाची आणि तेथून 'टोपडे' या नोंदीकडे वाचकाला पाठवावयाचे. तेथे त्या टोपड्याच्या आकारावरून माजलेल्या क्षुद्र वादाची हकीकत त्याला आढळते. उघडपणे लिहिता न येणारे मत अशा रीतीने दोन नोंदींच्या मधल्या जागेत मांडता येई. ज्या कोशाचा राजपरवाना १७५९ मध्ये रद्द झाला, त्याच्या दृष्टीने ही केवळ गंमत नव्हती. संदर्भ हेही एक विधान असते, हा त्यातून निघणारा महत्त्वाचा निष्कर्ष होय. 'अ पाहताना ब पहा' असे म्हणणारा संपादक त्या दोहोंत संबंध आहे, असे प्रतिपादन करीत असतो. ते प्रतिपादन खरे आहे किंवा नाही, याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

४. 'पहा' आणि 'हेही पहा'

ग्रंथालयशास्त्राने या विचाराला नियमांचे रूप दिले. अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स ॲमी कटर यांच्या १८७६ मधील तालिकानियमांत दोन निर्देशांचा भेद स्पष्ट आहे. वाचकाने शोधलेल्या नावाखाली मजकूर नाही, तो दुसऱ्या नावाखाली आहे, हे सांगतो तो 'पहा'. मजकूर येथे आहेच, पण संबंधित मजकूर आणखी एके ठिकाणी आहे, हे सांगतो तो 'हेही पहा'. पहिला वाचकाची चूकभूल सांभाळतो, दुसरा त्याची दृष्टी विस्तारतो. व्यापक विषयाकडून विशिष्ट विषयाकडे निर्देश करण्यावर कटर यांचा मुख्य भर होता. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. निर्देशांचे मोल त्या कसोटीवरही ठरविता येते.

मराठीत पहिल्या प्रकारच्या निर्देशाला विशेष महत्त्व आहे, कारण एकाच गोष्टीस बोलीतील, संस्कृतोद्भव आणि इंग्रजीतून आलेले अशी तीन तीन नावे प्रचारात असतात. 'पटकी' शोधणारा आणि 'कॉलरा' शोधणारा हे दोघेही एकाच नोंदीशी पोचले पाहिजेत. तसेच 'हिवताप' आणि 'मलेरिया' यांचे. याउलट एकाच शब्दाचे अनेक अर्थ असतील तर वाट फोडून द्यावी लागते. 'करवीर' म्हणजे कण्हेर आणि करवीर म्हणजे कोल्हापूर. 'देवी' हा शब्द उपास्य देवतेचा आणि १९८० मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झालेल्या रोगाचाही वाचक आहे. येथे दोन्ही अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. मात्र शीतला देवीच्या उपासनेचा त्या रोगाशी संबंध असल्याने, वेगळे केलेल्या या नोंदींपैकी एका ठिकाणाहून दुसरीकडे 'हेही पहा' असा निर्देशही आवश्यक ठरतो. वर्णक्रमातील मतभेद हेही एक कारण आहे. संस्कृत कोशांत 'क्षेत्र' हा शब्द 'क'मध्ये मिळतो. शाळेत पाठ केलेल्या मराठी वर्णमालेत 'क्ष' शेवटी येतो. दोन्ही सवयींचे वाचक असतात, हे संपादकाने गृहीत धरावयास हवे.

५. एक उदाहरण

संदर्भाचे खरे कार्य पुढील कल्पित रचनेवरून ध्यानात येईल. एका कोशात 'ज्वारी' ही नोंद आहे. तीतून कोणत्या नोंदींकडे निर्देश करावेत? 'धान्य', 'शेती', 'महाराष्ट्र' यांच्याकडे निर्देश करणे सोपे आहे, पण निरुपयोगी आहे. ज्वारी हे धान्य आहे हे वाचकाला ठाऊक असते, आणि 'शेती'च्या विस्तृत नोंदीत त्याला ज्वारीपुरते काय मिळेल हे सांगितलेले नसते. याउलट 'काणी', 'खोडकिडा', 'कोरडवाहू शेती', 'कडबा' हे निर्देश नोंदीतील विवेचन जेथे थांबते तेथून पुढे नेतात.

'टारफुला' हे त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण आहे. टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर वाढणारे तण आहे. यजमान वनस्पतीच्या मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागली की त्याचे बी रुजते आणि रोप जमिनीवर दिसण्यापूर्वीच ते पिकाचे पोषण शोषू लागते. ज्याला हा शब्दच माहीत नाही, तो विद्यार्थी कोशात 'टारफुला' कधीही शोधणार नाही. पीक का खुरटते हा प्रश्न त्याच्याजवळ आहे, पण उत्तराचे नाव त्याच्याजवळ नाही. वर्णक्रम येथे पूर्णपणे असमर्थ ठरतो आणि 'ज्वारी' या नोंदीतील एक निर्देश ते कार्य करतो. 'टारफुला' येथून 'परोपजीवी वनस्पती' आणि तेथून 'बांडगूळ' व 'अमरवेल' अशी वाट मिळाली, तर शेतातील एका प्रश्नापासून निघालेला वाचक वनस्पतिशास्त्रातील एका व्यापक कल्पनेपर्यंत पोचतो. दिदरोला अभिप्रेत असलेला शोधप्रवण निर्देश तो हाच.

यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. एखाद्या नोंदीतून किती निर्देश बाहेर जातात यापेक्षा तिच्याकडे किती योग्य ठिकाणांहून निर्देश येतात, हे अधिक महत्त्वाचे असते. ज्या नोंदीकडे कोठूनही वाट येत नाही ती कितीही उत्तम असली तरी तिचे नाव आधीच जाणणाऱ्या वाचकापुरतीच उरते.

६. दोष

अंतर्गत संदर्भांत चार दोष वारंवार आढळतात. पहिला आंधळा संदर्भ : निर्देश केलेली नोंद अस्तित्वातच नसते. खंडशः निघणाऱ्या कोशांत हा धोका सर्वाधिक असतो, कारण प्रारंभीच्या खंडांतील निर्देश पुढे लिहावयाच्या नोंदींवर विसंबून असतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसाव्या खंडापर्यंतचे काम पुढे कित्येक दशके चालले. त्यात मजकुराच्या ओघात कंसातील बाणाने आणि नोंदीच्या शेवटी 'पहा' असे लिहून निर्देश केलेले आहेत. अशा दीर्घकालीन योजनेत शीर्षकांची यादी आधी निश्चित करून ती अखेरपर्यंत पाळणे हे संदर्भव्यवस्थेचे मूळ भांडवल ठरते. शीर्षक बदलले की त्याच्याकडे येणाऱ्या सर्व वाटा तुटतात.

दुसरा दोष चक्राकार संदर्भाचा : 'अ'कडून 'ब'कडे आणि 'ब'कडून पुन्हा 'अ'कडे, आणि दोन्ही ठिकाणी मजकूर नाही. तिसरा दोष अतिरेकाचा. प्रत्येक ओळीत बाण असेल तर वाचकाला कोणता महत्त्वाचा हे कळत नाही. चौथा दोष अकारण संदर्भाचा, म्हणजे वाचकाला का पाठविले आहे हे न सांगण्याचा. 'पहा : रसायनशास्त्र' यापेक्षा 'या द्रव्याच्या शुद्धीकरणासाठी पहा : ऊर्ध्वपातन' हा निर्देश वाचकास अधिक उपयोगी पडतो.

केवळ निर्देशांवर विसंबूनही चालत नाही. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९७४ मधील पंधराव्या आवृत्तीत विषयदर्शनाचा एक, छोट्या नोंदींचे १० आणि प्रदीर्घ लेखांचे १९ अशी ३० खंडांची नवी मांडणी करण्यात आली आणि स्वतंत्र सूची वगळण्यात आली. या निर्णयावर टीका झाली आणि १९८५ मध्ये दोन खंडांची सूची जोडावी लागली. सूची वाचकाच्या शब्दापासून सुरू होते, निर्देश नोंदीच्या आशयापासून. ही दोन्ही साधने परस्परपूरक आहेत. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

संगणकावरील कोशांत निर्देशाची कृती क्षणाची झाली आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियात अस्तित्वात नसलेल्या लेखाकडे जाणारा दुवा लाल रंगात दिसतो आणि तोच नव्या लेखाची मागणी नोंदवितो. आंधळ्या संदर्भाचा हा चांगला उपयोग होय. परंतु दुवा देणे सोपे झाल्यामुळे अतिरेकाचा दोष अधिक बळावतो, आणि कोणता दुवा का द्यावा याचा विचार यंत्र संपादकाच्या वतीने करीत नाही.

७. कार्यपद्धती

वरील विवेचनातून एक साधी कार्यपद्धती सुचविता येते. प्रत्येक नोंदीसाठी एक पत्रक करावे आणि त्यावर दोन रकाने आखावेत : 'येथून कोठे' आणि 'येथे कोठून'. पहिल्या रकान्यात निर्देशाबरोबर त्याचे कारण एका वाक्यात लिहावे; कारण लिहिता येत नसेल तर तो निर्देश गाळावा. दुसरा रकाना रिकामा राहिल्यास त्या नोंदीकडे वाचकाला कोठून आणता येईल, याचा शोध घ्यावा. नवी नोंद तयार होताच जुन्या नोंदींची पत्रके पुन्हा चाळावीत, कारण जुन्या नोंदीतून नव्याकडे जाणारा निर्देश हटकून विसरला जातो. शीर्षक बदलल्यास 'येथे कोठून' या रकान्यातील प्रत्येक ठिकाणी दुरुस्ती करावी.

ही पद्धती मोठ्या कोशांपुरती मर्यादित नाही. विद्यापीठीय विभागांच्या संशोधनपत्रिकांत एकाच विषयावरील लेख अनेक वर्षांच्या अंतराने येतात आणि नंतरच्या लेखकास आधीच्या लेखाची वार्ता नसते. प्रबंधांतही एका प्रकरणातील पुरावा दुसऱ्या प्रकरणातील निष्कर्षास आधारभूत असूनही त्यांचा परस्परनिर्देश राहून जातो. मराठीतून विविध शास्त्रांचे लेखन अनेक पिढ्यांनी परिश्रमपूर्वक केले आहे. ते लेखन विद्यार्थ्याच्या हाती लागावयाचे असेल, तर नव्या नोंदी लिहिण्याइतकेच असलेल्या नोंदींमधील वाटा मोकळ्या करण्याचे काम अगत्याचे आहे. ते काम संपादकमंडळाने अखेरच्या आठवड्यावर न टाकता शीर्षकांची यादी तयार होते त्याच दिवशी हाती घेणे इष्ट ठरेल.